शेवटचा पेग कधी, शेवटची गोळी कधी: वॉर्डातले दारूचे विथड्रॉअल आणि ओव्हरडोस

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात दारूच्या विथड्रॉअलचा, म्हणजे दारू अचानक बंद झाल्याने त्रास सुरू झालेला, पेशंट सायकियाट्रीत क्वचितच दाखल होतो. तो ऑर्थोत मांडीचे हाड मोडून येतो, सर्जरीत पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) घेऊन येतो, जुलै-ऑगस्टमध्ये मेडिसिनला तापाने येतो. पहिला दिवस शांत जातो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटतो, पायाला लावलेल्या ट्रॅक्शनच्या वजनासकट उठून बसतो, रिक्षावाला असेल तर हवेतच हँडल धरतो, शिंपी असेल तर चादरीला सुई लावतो. मग सिस्टर इंटर्नला फोन करते: 'पेशंट व्हायोलंट झालाय.' हा लेख त्या सिस्टरसाठी, त्या इंटर्नसाठी आणि दाखल करताना केस पेपर लिहिणाऱ्या रेसिडेंटसाठी आहे. डोस प्रौढांचे आहेत. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल असेल तर तो आधी पाळा, आणि वरिष्ठांना कळवणे प्रत्येक पायरीत धरलेलेच आहे.

दाखल करतानाच विचारा

'दारू घेता का?' या प्रश्नाला बायको-मुलांसमोर 'नाही' हेच उत्तर मिळते. 'कधीतरी, ऑकेजनली' हेही त्याचेच भावंड. नातेवाईकांना पाच मिनिटे बाहेर बसवा आणि घेतोच असे गृहीत धरून विचारा: रोज किती लागते? क्वार्टरमध्ये भागते की पुढे जाते? देशी की इंग्लिश? सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आणि एक घोट घेतला की थांबतात का? पूर्वी दारू बंद झाल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का? दवाखान्यात असे कधी बांधून ठेवावे लागले होते का?

मग सगळ्यात कामाचा प्रश्न: शेवटची कधी घेतली? दिवस आणि वेळ दोन्ही. हे उत्तर केस पेपरच्या पहिल्या पानावर, निदानाच्या शेजारी लिहा. आतल्या पानावर लिहिलेले रात्री दोन वाजता कोणी वाचत नाही.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. इंग्लिश दारूची क्वार्टर १८० मिलीची, आणि बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल छापलेले असते. म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, १० ग्रॅमच्या मापाने सहा ड्रिंक. 'फक्त एक क्वार्टर, साहेब' म्हणणारा माणूस वर्षानुवर्षे रोज सहा ड्रिंक घेत असतो. हातभट्टीचा असा हिशेब लागत नाही, तिथे लक्षणांवरच जा.

नातेवाईकांना नंतर वेगळे विचारा. लपवण्यामागे लाज असते, तशी मेडिक्लेम नाकारला जाईल ही भीतीही असते. आणखी एक गोष्ट हळूच विचारून घ्या: घरच्यांनी जेवणातून दारू सोडवायचे औषध दिले आहे का? त्यात डायसल्फिराम (ज्यावर दारू घेतली की त्रास होतो ते औषध) असेल आणि त्यावर दारू पडली असेल, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळते. हे चित्र विथड्रॉअलचे नाही, पण त्याच पेशंटमध्ये दिसते.

रेल्वे अपघातातून आलेला, सोबत कोणी नसलेला पेशंट असेल तर शरीर आणि रिपोर्ट बोलतात: गालाखाली सुजलेल्या पॅरोटिड ग्रंथी, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लालसर रक्तवाहिन्या, वाढलेला एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार), लिव्हरच्या तपासणीत एएलटीच्या दुपटीहून जास्त एएसटी, कमी प्लेटलेट. प्लेटलेट मात्र पावसाळ्यात डेंग्यूनेही कमी होतात, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर काही ठरवू नका.

घड्याळ काय सांगते

शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, धडधड, झोप उडणे, जीव घाबरणे सुरू होते. फिट येणार असेल तर बहुतेक वेळा ६ ते ४८ तासांत येते. साधारण १२ तासांनंतर काहींना भास होतात: भिंतीवर मुंग्या, कोणीतरी नावाने हाक मारणे. पण अशा पेशंटला आपण कुठे आहोत आणि आज कोणता वार हे नीट सांगता येते. डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे डीटी, बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान येतो. त्यात भान हरपते, ताप चढतो, नाडी १२० च्या वर जाते, घामाने चादर भिजते. प्रत्येकाला या सगळ्या पायऱ्या लागतातच असे नाही. काहींना पहिली खूण फिटच असते.

रक्तात अल्कोहोल असतानाही विथड्रॉअल सुरू होऊ शकते. रोज खूप पिणाऱ्याचा मेंदू त्या पातळीला सरावलेला असतो, पातळी खाली येऊ लागली तरी त्याला पुरते. म्हणून 'तोंडाला वास येतोय, म्हणजे विथड्रॉअल नाही' हे चूक आहे. ज्याला आधी डीटी किंवा फिट येऊन गेली आहे, त्याला पुन्हा येण्याचा धोका जास्त. त्याचे औषध लक्षणांची वाट न पाहता दाखल होतानाच सुरू करा.

विथड्रॉअल म्हणण्याआधी

दारूड्या पेशंट बरळतोय म्हटले की आपले डोके तिथेच थांबते. सबड्युरल हिमॅटोमा, म्हणजे कवटीच्या आत मेंदूवर साचलेले रक्त, असाच नजरेतून सुटतो.

पहिली पायरी एचजीटी, म्हणजे बोटातल्या रक्ताची शुगर. बेडजवळ पोहोचताच शुगर. ७० च्या खाली असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज लगेच द्या, थायमिन (व्हिटॅमिन बी१) सोबत द्या. थायमिन आधी द्यावे हे खरे, पण अँप्युल सापडत नाही म्हणून शुगर ३० असलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नका.

दुसरी पायरी डोके. पडल्याचा इतिहास, कपाळावर किंवा कानामागे जखम, दोन बाहुल्यांत फरक, एका बाजूची कमजोरी, एकाच अंगाला आलेली फिट, ४८ तासांनंतर आलेली पहिली फिट, यातले काहीही असेल तर सीटी. पिणारा माणूस पडतो आणि त्याचे रक्त उशिरा गोठते, दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात जमतात.

तिसरी पायरी ताप. डीटीत ताप येतो, पण मुंबईत जून ते ऑक्टोबरदरम्यान तापासोबत बरळणाऱ्या माणसाचा मलेरियाचा स्मिअर आणि रॅपिड टेस्ट, डेंग्यू, आणि पाण्यातून चालत आला असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पिणाऱ्यांमध्ये न्यूमोनिया आणि टीबीही नेहमीचे. मान ताठ असेल किंवा काही दिवसांपासून डोकेदुखी असेल तर टीबी मेनिंजायटिस मनात ठेवा.

चौथी पायरी लिव्हर. हात पुढे ताणून धरायला सांगा. बारीक, वेगवान थरथर विथड्रॉअलची. मनगट अधूनमधून पडणे, पंखासारखा फडफडाट, हे हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथीचे, म्हणजे लिव्हर बिघडल्याने मेंदूवर झालेल्या परिणामाचे. हा फरक इथे जिवावरचा आहे, कारण विथड्रॉअलचे औषध, म्हणजे बेंझोडायझेपिन गटातली शामक औषधे (क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम, डायझेपाम), एन्सेफॅलोपॅथी वाढवते. दोन्ही एकत्रही असतात, तेव्हा लोराझेपाम कमीत कमी मात्रेत, आणि पेशंट नजरेसमोर.

सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट पाठवा. मॅग्नेशियम आणि फॉस्फेट पाठवायचे राहूनच जाते. मॅग्नेशियम सुधारल्याशिवाय पोटॅशियमही जागेवर येत नाही.

औषध: कोणते, किती, कोणाला

सीआयडब्ल्यूए-एआर हा विथड्रॉअलची तीव्रता मोजणारा दहा मुद्द्यांचा स्कोअर आहे, जास्तीत जास्त ६७. साधारण १० च्या खाली सौम्य, १० ते १८ मध्यम, १९ आणि त्यावर तीव्र. तो बोलू शकणाऱ्या पेशंटसाठी आहे. बेशुद्ध, ट्यूब टाकलेल्या किंवा भाषा न कळणाऱ्या पेशंटवर लावलेला स्कोअर फसवतो.

पुस्तक सांगते की दर तासाला स्कोअर काढा आणि लागेल तसा डोस द्या. औषध कमी लागते, पेशंट लवकर सुटतो, हे खरे. पण खच्चून भरलेल्या वॉर्डात, जमिनीवरही गाद्या टाकलेल्या असताना, रात्रपाळीला एक-दोन सिस्टर दर तासाला स्कोअर कसा काढणार? अशा ठिकाणी ठरलेला डोस आणि वरून गरजेनुसार जादा, हाच मार्ग मला जास्त सुरक्षित वाटतो. क्लोरडायझेपॉक्साइड २५ ते ५० मिग्रॅ दर सहा तासांनी पहिल्या दिवशी, मग रोज साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश कमी करत पाच ते सात दिवसांत बंद. प्रत्येक डोसआधी सिस्टरने एकच गोष्ट पाहायची: हाक मारल्यावर पेशंट उठतो का? उठत नसेल तर डोस थांबवून डॉक्टरला बोलवायचे.

वय ६५ च्या वर, सिऱ्होसिस, दमा-सीओपीडी, किंवा लिव्हर कसे आहे हेच माहीत नाही, अशा वेळी लोराझेपाम. ते लिव्हरमधून सोप्या वाटेने जाते, साचत नाही. तोंडाने १ ते २ मिग्रॅ दर सहा तासांनी. लोराझेपामची अँप्युल फ्रिजमध्ये ठेवायची असते, त्यामुळे ती ट्रॉलीत शोधू नका, आणि वॉर्डच्या फ्रिजची किल्ली कोणाकडे आहे हे संध्याकाळीच विचारून ठेवा. डायझेपामचे इंजेक्शन दंडात देऊ नका, स्नायूतून ते कधी शोषले जाते तर कधी नाही. शीर मिळत नसेल तर लोराझेपाम स्नायूत चालते.

फिट आली तर लोराझेपाम २ ते ४ मिग्रॅ शिरेतून. पहिल्या फिटनंतर दिलेला डोस दुसरी फिट टाळतो. विथड्रॉअलच्या फिटसाठी फेनिटॉइनचा (फिटवरचे नेहमीचे औषध) उपयोग होत नाही. आधीपासून एपिलेप्सी असेल तर गोष्ट वेगळी. भासांवरचे हॅलोपेरिडॉल एकटे देऊ नका, त्याने फिटचा उंबरठा खाली येतो आणि ईसीजीतले क्यूटी अंतर वाढते. बेंझोडायझेपिन पुरेसे देऊनही भास छळत असतील तरच, ईसीजी पाहून, सोबत द्या. प्रोप्रॅनोलॉलने (बीटा ब्लॉकर) नाडी खाली येते आणि चार्ट सुंदर दिसतो, मेंदूत मात्र काहीच बदललेले नसते.

थायमिनबद्दल थोडे जास्त

सलाईनमध्ये पिवळे मल्टिव्हिटॅमिन टाकले म्हणजे थायमिन दिले, असा समज फार पसरलेला आहे. त्या अँप्युलवर थायमिन किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. साधा प्रतिबंधक डोस १०० ते २५० मिग्रॅ रोज, शिरेतून किंवा स्नायूतून, तीन ते पाच दिवस. पिणाऱ्याचे आतडे थायमिन नीट शोषत नाही, म्हणून गोळीवर सुरुवात करू नका.

वेर्निकची, म्हणजे थायमिनच्या अभावाने होणाऱ्या मेंदूच्या आजाराची, तीन लक्षणे आपण परीक्षेत पाठ करतो: गोंधळ, डोळ्यांच्या हालचालींत बिघाड, तोल जाणे. तिन्ही एकत्र थोड्याच पेशंटमध्ये दिसतात. पिणारा माणूस, खाणेपिणे सुटलेले, आणि यातले एक लक्षण असेल तरी वेर्निक धरून चाला: थायमिन ५०० मिग्रॅ १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा, दोन ते तीन दिवस. त्यानंतर २५० मिग्रॅ रोज आणखी तीन ते पाच दिवस. हे औषध स्वस्त आहे. ते न दिल्यामुळे स्मरणशक्ती कायमची जाते, आणि मग माणूस पुढची वर्षे त्याच त्या गोष्टी विचारत घरात बसून राहतो.

डीटीची रात्र

पेशंट बेकाबू झाला की चार मामा (वॉर्डबॉय) आणि नातेवाईक मिळून त्याला बँडेजने बांधतात. बांधून झाले की सगळे पांगतात, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. औषध न देता बांधलेला माणूस जोर लावत राहतो, ताप वाढतो, स्नायू तुटून किडनी बंद पडते. बांधायचेच असेल तर थोडा वेळ, कुशीवर, पालथे कधीच नाही. गाठीखाली बोट जाईल इतके सैल ठेवा, आणि दर पंधरा मिनिटांनी हातापायांचा रंग पाहा. का बांधले आणि किती वाजता, ते लिहा.

डायझेपाम ५ ते १० मिग्रॅ शिरेतून हळू, मिनिटाला ५ मिग्रॅपेक्षा जास्त वेगाने नाही, आणि दर ५ ते १० मिनिटांनी परत, पेशंट हाकेने उठेल अशा हलक्या झोपेत जाईपर्यंत. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम २ ते ४ मिग्रॅ दर १५ ते २० मिनिटांनी. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), सक्शन आणि ऑक्सिजन बेडशेजारी आल्यावरच पहिली सुई मारा. मोठ्या मात्रा लागतात, घाबरू नका, पण तासाभरात डायझेपाम ४० मिग्रॅ जाऊनही पेशंट तसाच असेल तर आयसीयूला कॉल द्या. पुढची औषधे, फिनोबार्बिटोन किंवा प्रोपोफॉल, तिथली आहेत. आयसीयूत बेड नाही हे उत्तर मिळेलच. तरी कॉलची वेळ लिहून ठेवा आणि भूलतज्ज्ञाला बोलवा.

खोलीत दिवा चालू ठेवा, चष्मा द्या, ओळखीचा एकच माणूस जवळ बसवा. आणि नातेवाईकांनी आणलेली पाण्याची बाटली एकदा हुंगा. कीव येऊन कोणी त्यात दारू आणते. सॅनिटायझरची बाटलीही बेडच्या दांड्याला टांगू नका, ते पिणारे पेशंट असतात.

ओव्हरडोस: आधी श्वास, मग औषध

टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर अख्ख्या वॉर्डाचा श्वास २० असतो. ओव्हरडोसच्या संशयात छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजा. ऑक्सिजन लावलेला असताना सॅच्युरेशन ९८ दाखवते आणि माणूस मिनिटाला सहाच श्वास घेत असतो.

बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास १२ च्या खाली, हाकेला ओ नाही: हे ओपिऑइडचे, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचे चित्र. मुंबईत त्यामागे गर्द (ब्राऊन शुगर) असेल, कोडीनचे कफ सिरप असेल, ट्रॅमाडॉल असेल, किंवा आपणच दिलेले काही. शेवटचे विसरू नका: किडनी फेल्युअरमध्ये मॉर्फिन, तापातल्या पेशंटला फेंटानिल पॅच, ऑपरेशननंतर ट्रॅमाडॉल आणि मिडाझोलाम एकत्र. टाचणीएवढ्या बाहुल्या ढेकणांच्या किंवा शेतीच्या औषधाच्या विषबाधेतही असतात, पण तिथे लाळ, घाम, जुलाब आणि छातीत घरघर असते, आणि उपचार ॲट्रोपिनचा.

हनुवटी उचला, तोंड साफ करा, अंबूने श्वास द्या. मगच नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा उतारा. ०.४ मिग्रॅची एक मिलीची अँप्युल नऊ मिली सलाईनमध्ये मिसळा. दहा मिलीतल्या प्रत्येक मिलीत ०.०४ मिग्रॅ आले. नशेची सवय असलेल्याला एक ते दोन मिली दर दोन-तीन मिनिटांनी. पेशंटला उठवून बसवायचे नाही, श्वास मिनिटाला १२ च्या आसपास आला की पुरे. सगळी अँप्युल एकदम दिलीत तर तो उलट्या करत, शिव्या देत उठेल आणि नॅलोक्सोन उतरण्याआधी पळून जाईल. श्वासच थांबला असेल तर मात्र ०.४ मिग्रॅ थेट, मग २ मिग्रॅ, एकूण १० मिग्रॅपर्यंत. तरीही काही फरक नाही तर निदान पुन्हा तपासा. शीर सापडत नसेल तर स्नायूत द्या. ब्युप्रेनॉर्फिनला जास्त मात्रा लागते. ट्रॅमाडॉलमध्ये फिटही येते, आणि ती नॅलोक्सोनने थांबत नाही, बेंझोडायझेपिनच लागते.

नॅलोक्सोनचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो, आणि पोटातली किंवा रक्तातली नशा त्यापेक्षा जास्त टिकते. म्हणून शेवटच्या डोसनंतर किमान चार ते सहा तास, मेथाडोन किंवा सावकाश सुटणाऱ्या गोळीत २४ तास, नजरेखाली ठेवा. परत झोपू लागला तर ज्या डोसने श्वास आला त्याचे दोन तृतीयांश दर तासाला ड्रिपमधून. मुख्य डॉक्टर निघून गेल्यावर, सिस्टर बदलल्यावर, पहाटे, याच वेळी माणूस दुसऱ्यांदा बुडतो. हँडओव्हरमध्ये नॅलोक्सोनची वेळ मोठ्याने सांगा.

'बटन' म्हणून विकल्या जाणाऱ्या नायट्राझेपाम-अल्प्राझोलामच्या गोळ्यांत माणूस झोपतो, पण श्वास बहुधा टिकतो. दारू सोबत असेल तर टिकत नाही. या गोळ्यांचा उतारा असलेल्या फ्लुमाझेनिलचा मोह टाळा. रोज गोळ्या खाणाऱ्यात किंवा सोबत अमिट्रिप्टिलीन (नैराश्यावरचे औषध) घेतलेल्यात ते फिट आणते. कुशीवर ठेवणे, वायुमार्ग सांभाळणे, वाट पाहणे हाच उपचार. अमिट्रिप्टिलीनचा संशय असेल तर ईसीजी काढा. ईसीजीतला क्यूआरएस १०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर सोडाबायकार्ब १ ते २ मिलिइक्विव्हॅलंट प्रति किलो.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ पासून एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली आहे, तरी रात्रीच्या कॅज्युअल्टीत त्याचे पेशंट येतात. मोठ्या बाहुल्या, भडकलेला माणूस, नाडी १४०, अंगात आग. बेंझोडायझेपिन आणि गार पाणी, पंखा, बर्फ. बीटा ब्लॉकर नको. सीके (स्नायू तुटल्यावर वाढणारे एन्झाइम) पाहा, सोडियम पाहा.

जी विषे उशिरा बोलतात

पॅरासिटामॉलने पहिल्या दिवशी काहीच होत नाही. गोळ्या खाल्लेली मुलगी उठून बसते, चहा मागते, घरी सोडा म्हणते. एकदम १५० मिग्रॅ प्रति किलोपेक्षा जास्त घेतले असेल, किंवा किती घेतले हेच कळत नसेल, तर सोडू नका. रक्तातली पातळी घेतल्यापासून चार तासांनी किंवा त्यानंतर पाठवा, आधी पाठवलेली निरुपयोगी. पातळी मिळण्याची सोय नसेल किंवा आठ तास उलटत आले असतील तर रिपोर्टची वाट न पाहता एन-ॲसिटिलसिस्टीन (पॅरासिटामॉलचा उतारा) सुरू करा: १५० मिग्रॅ प्रति किलो एका तासात, मग ५० चार तासांत, मग १०० सोळा तासांत. पहिल्या दोन तासांत आलेल्या, पूर्ण शुद्धीत असलेल्या पेशंटला ॲक्टिव्हेटेड चारकोल ५० ग्रॅम. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला तो पाजू नका.

आणि मिथेनॉल. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरपेक्षा जास्त माणसे गेली. मिथेनॉल स्वतः फार घातक नसते, शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड व्हायला १२ ते २४ तास लागतात, सोबत खरी दारू असेल तर त्याहून जास्त. म्हणून आदल्या रात्री प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येतो: पोटात दुखते, धुके पडल्यासारखे दिसते, श्वास खोल आणि वेगाने चाललेला. हँगओव्हर समजून ॲसिडिटीचे पॅन्टोप्राझोल देऊन चुकून घरी पाठवला जातो तो पेशंट हाच. नजर धूसर म्हणाला की एबीजी (धमनीतल्या रक्तातील वायू आणि आम्लाची तपासणी). ॲसिडोसिस आणि मोठा ॲनायन गॅप असेल तर सोडाबायकार्ब, फॉलिनिक ॲसिड, उतारा म्हणून फोमेपिझोल १५ मिग्रॅ प्रति किलो आणि ते नसेल तर वरिष्ठांच्या देखरेखीत इथेनॉल, आणि डायलिसिसच्या युनिटला लगेच फोन. एकाच वस्तीतून असे दोन पेशंट आले तर पोलीस आणि आरोग्य विभागाला त्याच तासात कळवा. सोबत पिणारे बाकीचे अजून घरी झोपलेले असतात.

कागद आणि डिस्चार्ज

ओव्हरडोस आणि विषबाधा एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) करा. नातेवाईक घाबरतात, त्यांना सांगा की मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असेच धरले जाते, आणि उपचार पोलिसांसाठी थांबत नाहीत. शुद्धीवर आल्यावर प्रत्येकाला थेट विचारा: मरायचे होते का? विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर काहीही असो, सायकियाट्रीचा रेफरन्स गेलाच पाहिजे.

फ्रॅक्चरसाठी दाखल असलेला पेशंट सरकारी ओएसटी केंद्रातून (जिथे गर्दऐवजी नियंत्रित औषध देतात) ब्युप्रेनॉर्फिन घेत असेल तर केंद्राकडून डोस पडताळून वॉर्डात चालू ठेवा. बंद केलेत तर नाक वाहणे, जांभया, अंगावर काटा, जुलाब सुरू होतील आणि तो सही करून निघून जाईल.

विथड्रॉअलच्या पेशंटला क्लोरडायझेपॉक्साइडची पूर्ण स्ट्रिप हातात देऊ नका. उरलेले दोन-तीन दिवसांचे डोस घरच्या माणसाकडे, तारखेसकट लिहून. थायमिनची गोळी १०० मिग्रॅ चालू ठेवा. दारूची ओढ कमी करणारे नालट्रेक्सोन लिहिण्याआधी ओपिऑइड घेत नाही ना याची खात्री करा. डायसल्फिराम पेशंटच्या नकळत कधीच नाही, हे बायकोला शांतपणे, कारणासकट समजावून सांगा. पुढची वाट म्हणून रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती ओपीडीची तारीख, वांद्र्याची १९८१ पासूनची कृपा फाउंडेशन, पुण्याचे १९८६ पासूनचे मुक्तांगण, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची जवळची मराठी सभा, व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, हे सगळे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहा.

गर्दवाल्याच्या घरच्यांना डिस्चार्जच्या दिवशी आणखी एक सांगा: आठ-दहा दिवस बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरलेली असते, आणि पूर्वीची नेहमीची मात्रा आता जीव घेऊ शकते. घोरणे विचित्र वाटले, हलवून उठला नाही, ओठ निळे पडले, तर झोपू द्या म्हणायचे नाही. कुशीवर वळवायचे, श्वास थांबला तर तोंडाने द्यायचा, आणि १०८ ला फोन करायचा.